कोळशाचे कासव

खेळातील कल्पित प्राण्यांचा विचार साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत करणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या पात्रांची नावे, स्वभाव, कुळे आणि परस्परवैरे आज लहान मुलांना पुराणातील व्यक्तींइतकी, कित्येकदा त्यांहूनही अधिक, तोंडपाठ असतात, त्या पात्रांच्या रचनेकडे अभ्यासकाने पाहूच नये, असा दंडक घालण्याचे कारण दिसत नाही. 'पोकेमॉन' ह्या जपानी चित्रमालिकेचे प्रक्षेपण भारतात २००३ साली सुरू झाले व तिच्या हिंदी रूपांतराने ही सृष्टी महाराष्ट्राच्या पूर्व टोकापर्यंत पोहोचविली. मूळ खेळ मात्र त्याहून जुना आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात त्याच्या 'तांबड्या' आणि 'हिरव्या' अशा दोन आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत १५१ प्राणी होते. नवव्या पिढीअखेर ही संख्या १०२५ झाली. ह्या सबंध प्राणिसंग्रहाचा आढावा घेण्याचा विचार येथे नाही. त्यांपैकी ज्यांचा देह कोळशाचा आहे किंवा ज्यांचा जीव कोळशावर आहे, अशा मोजक्या प्राण्यांपुरतेच हे विवेचन मर्यादित आहे. आणि ते करताना चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे कोळशाचे गाव सतत दृष्टीसमोर ठेवले आहे. जो पदार्थ एका ठिकाणी खेळण्याचे रूप घेतो व दुसऱ्या ठिकाणी अंगणातल्या वाळवणावर काळा थर होऊन बसतो, त्याच्या रूपांतराची मीमांसा त्या दुसऱ्या ठिकाणाहून करून पाहावी, एवढाच हेतू.

प्रथम रचनेच्या सामान्य तत्त्वांविषयी. खेळाचे जनक सातोशी ताजिरी ह्यांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. टोकियोच्या कडेची शेते आणि तळी इमारतींखाली गेल्यावर पुढील पिढीच्या मुलांना तो आनंद अन्य मार्गाने मिळावा, ही खेळामागील मूळ प्रेरणा त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. म्हणजे नष्ट झालेल्या परिसराची भरपाई करण्याचे काम ह्या खेळाने जन्मापासूनच पत्करले आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडावयाचा आहे. केन सुगिमोरी व त्यांचे सहकारी ह्यांनी ज्या यंत्रासाठी हे प्राणी रेखाटले, त्या 'गेम बॉय'च्या पडद्यावर केवळ चार छटा दिसत आणि एका प्राण्याच्या वाट्याला फार तर छप्पन्न गुणिले छप्पन्न ठिपक्यांचा चौकोन येई. एवढ्या काटकसरीत रंगाचा वा पोताचा आधार घेता येत नाही. प्राणी ओळखू यावयाचा तो बाह्यरेषेवरून. पिकाचूचे पहिले चित्र काढणाऱ्या अत्सुको निशिदा ह्यांच्या मनात प्रथम 'दाइफुकु' ह्या तांदळाच्या मऊ मिठाईचा आकार होता, असे त्यांनी २०१८ साली एका मुलाखतीत सांगितले आहे. साधनाच्या दारिद्र्यातून रूपाची निश्चिती जन्मते, ही गोष्ट वारली चित्रे पाहिलेल्या मराठी वाचकाला नव्याने पटवून देण्याची आवश्यकता नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी मानलेली संवाद, विरोध व समतोल ही तीन लयतत्त्वे येथे लावून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ह्या प्राणिसृष्टीतील टिकाऊ रचना बहुधा विरोधलयीवर उभ्या आहेत. ज्या रचनांत केवळ संवाद आहे, म्हणजे अग्नीचा प्राणी तांबडा, उग्र व ज्वाळांनी वेढलेला, त्या पहिल्या दर्शनातच संपून जातात. आपल्याकडील शिल्पपरंपरेला हे रहस्य पूर्वीच उमगले होते. चंद्रपूरच्या गोंडकालीन तटाच्या वेशींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. तो गोंड राजांचा मानचिन्हरूप प्राणी होय. महाराष्ट्राच्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभांच्या पंजांखाली तर हत्ती उंदराएवढे होऊन बसतात. प्रमाणांची ही जाणूनबुजून केलेली उलटापालट हेच त्या शिल्पांचे सामर्थ्य आहे. जटपुरा वेशीखालून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला संयुक्त प्राण्याची कल्पना जपानहून शिकावी लागत नाही.

आता कोळशाच्या प्राण्यांकडे वळू.

त्यांतील पहिला व प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वश्रेष्ठ म्हणजे 'टॉर्कोल'. नोव्हेंबर २००२ मध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या 'रूबी' व 'सफायर' ह्या खेळांत तो प्रथम अवतरला. हे एक कासव आहे. त्याच्या काळपट पाठीवरच्या भेगांतून निखाऱ्याचा तांबडेपणा दिसतो, कवचाच्या शिखराला धुराडे आहे आणि नाकपुड्यांतूनही धूर निघत असतो. खेळातील प्राणिकोशाच्या नोंदींप्रमाणे ते डोंगर खणीत कोळसा शोधते, कवचाच्या पोकळ्यांत तो भरते आणि जाळते. आतील विस्तव मंदावला की त्याची शक्ती क्षीण होते. कोणी हल्ला केला तर काळ्या धुराचा लोट सोडून ते काढता पाय घेते. कासव म्हणजे शैत्य, मंदगती, अंग आत ओढून घेण्याची वृत्ती. विस्तव म्हणजे नेमके ह्याच्या उलट. हे दोन्ही एका कवचात बसविल्यावर जो प्राणी निर्माण झाला, तो शेगडीसारखा घरगुती वाटतो. अग्निवर्गाच्या प्राण्यांत बहुधा वीररसाचा आवेश असतो. टॉर्कोलच्या ठायी मात्र वत्सल व करुण ह्यांचे मिश्रण आहे. चित्रमालिकेतील अ‍ॅश ह्या नायकाजवळच्या टॉर्कोलला तर आनंद झाला तरी रडू कोसळते. २०१६ सालापासूनच्या खेळांत टॉर्कोलला आणखी एक शक्ती मिळाली: तो रणांगणात उतरताच कडक ऊन पडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात राहिलेल्या वाचकास ह्या शक्तीवर भाष्य नको.

दुसरे कुळ नोव्हेंबर २०१९ च्या 'सोर्ड' व 'शील्ड' ह्या खेळांतील. त्या खेळांची भूमी 'गॅलार' ही ब्रिटनच्या नकाशावर बेतलेली आहे. येथे 'रोलीकोली', 'कारकोल' व 'कोलोसल' अशी एकाच प्राण्याची चढती तीन रूपे आहेत. रोलीकोली हा एका चाकावर घरंगळणारा, एकच तांबडा डोळा असलेला कोळशाचा गोळा. त्याच्या देहाची घटना बव्हंशी कोळशासारखी असून सुमारे चारशे वर्षांपूर्वी तो कोळशाच्या खाणीतच सापडला, असे कोश सांगतो. कारकोल म्हणजे पाठीवर जळत्या कोळशाचा ढीग घेतलेली खाणगाडी. कोलोसल हा डोंगराएवढा काळा राक्षस.

ह्या तिघांत पहिल्याची रचना उत्तम, दुसऱ्याची बरी आणि तिसऱ्याची निकृष्ट, असे मत नोंदवावेसे वाटते. रोलीकोलीत एकही अवयव अधिक नाही. चाक, डोळा आणि पाठीवरचा कोळसा ह्या तीन खुणांत सारे येते. कोलोसलमध्ये कलावंताचा हात सुटला आहे. हात, पाय, पोट, पाठीवरचा ढिगारा, मधूनच डोकावणारे लाल तुकडे, ह्यांपैकी कोणता घटक प्रधान हे डोळ्यास कळत नाही. क्षेमेंद्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे औचित्यभंग झाला आहे: आकार वाढला, पण वाढीस कारण सापडले नाही. जे चाक पहिल्या रूपाचा प्राण होते, ते तिसऱ्यात नाहीसेच झाले आहे, आणि ह्या लोपाचे समर्थन चित्रात कोठेही नाही.

परंतु खेळातील प्राण्याचे परीक्षण केवळ चित्रावरून करून भागत नाही; ज्या नियमांनी तो वागतो, तेही त्याच्या रूपाचाच भाग होत. शिळा व अग्नी अशा दुहेरी प्रकृतीमुळे कारकोल व कोलोसल ह्यांना पाण्याचा मारा चौपट बाधतो. त्याच वेळी ह्या कुळाला 'स्टीम इंजिन' नावाची एक शक्ती दिली आहे: अंगावर पाणी अथवा आग पडली की ह्यांचा वेग एकदम वाढतो. जे पाणी मारक तेच वाफ होऊन गती देते. चित्रात हरवलेली विरोधलय नियमात अशी परत सापडते. कोळसा, पाणी, वाफ व चाक ह्यांच्या संबंधावर एकोणिसाव्या शतकाचा सारा इतिहास उभा आहे, आणि तो ह्या एका नियमात दहा वर्षांच्या मुलाच्या हाती खेळता खेळता पडतो. पाठ्यपुस्तकांना हे क्वचितच साधते. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली व तिच्या कोळशासाठी तेथवर लोहमार्ग आला. माजरी हे आज जंक्शन आहे ते त्याच क्रमातील पुढल्या घडामोडींमुळे. येथील मुलांना ही शक्ती स्वतःच्या गावाच्या जन्मकथेसारखी वाचता आली असती.

'आली असती' असे म्हणण्याचे कारण नावांत आहे. ह्या प्राण्यांच्या नावांची घडण श्लेषावर आधारलेली असते. कोलोसलचे जपानी नाव 'सेकितानझान' असे आहे; 'सेकितान' म्हणजे दगडी कोळसा व 'झान' म्हणजे पर्वत. इंग्रजी नावात कोळसा व प्रचंडता ह्या अर्थांच्या दोन शब्दांची गाठ मारली आहे. टॉर्कोल ह्या नावातही कासव व कोळसा ह्यांचे इंग्रजी शब्द एकमेकांत मुरले आहेत. मुलाला नाव कळले की प्राण्याचे अर्धे वर्णन कळते, ही सोय ज्या भाषेत नाव घडले त्या भाषेपुरतीच असते. हिंदीत मालिका आली तेव्हा नावे इंग्रजीच राहिली. त्यामुळे आपल्याकडील मुलांना ही नावे मंत्रासारखी आली, ध्वनी पूर्ण आणि अर्थ शून्य. २०२३ साली 'पोकेमॉन गो' ह्या भ्रमणध्वनीवरील खेळात शेकडो प्राण्यांना हिंदी नावे देण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मराठीपर्यंत हा क्रम आलेला नाही. अशा नावांना आपल्या मातीत पूर्वाधार नाही असेही नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेस प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील कोटा स्तरांत सापडलेल्या महाकाय सरड्याला शास्त्रज्ञांनी १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' असे नाव दिले. त्यातील 'बारा पा' म्हणजे बंगालीतील 'मोठा पाय'. देशी शब्द, ग्रीक प्रत्यय आणि रवींद्रनाथ ह्यांची ही मोट पाहिली, तर नामकरणाच्या खेळात शास्त्रज्ञही मागे नाहीत असे म्हणावे लागते.

येथवर झाले ते रचनेचे गुणदोषविवेचन. ह्यापुढील प्रश्न अधिक अवघड आहे. हे प्राणी आवडतात ते नेमके कोणाच्या दृष्टीने आवडावेत असे रचलेले आहेत?

कारकोलच्या कोशनोंदीत असे म्हटले आहे की, त्याच्या अंगातून पडणाऱ्या कोळशाने एके काळी गॅलारमधील लोकांचे जीवन चालविले. ह्यातील 'एके काळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ब्रिटनमधील शेवटची मोठी भूमिगत कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली, म्हणजे कारकोलच्या जन्मापूर्वी चार वर्षे. आणि कोळशावर चालणारे तेथील अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. टॉर्कोलची भूमी 'होएन' ही जपानच्या क्यूशू बेटावर बेतलेली. क्यूशूतील विख्यात मीइके खाण मार्च १९९७ मध्ये बंद पडली. टॉर्कोल त्यानंतर पाच वर्षांनी आला. रचनाकारांनी हा हिशेब मनात धरला होता असे सुचविण्याचा मुळीच उद्देश नाही. परंतु हेतू असो वा नसो, क्रम सूचक आहे. कोळसा घरातून गेल्यावर तो खेळण्यात येतो. भय ओसरल्यावर अद्भुत उरते, आणि अद्भुताला गोल डोळे व आखूड पाय दिले की वत्सल जन्मतो. रसास्वादासाठी प्रत्यक्ष विषयापासून काही अंतर लागते, हे साधारणीकरणाच्या चर्चेतून आपल्याला परिचित आहे. येथे ते अंतर इतिहासाने निर्माण केले.

माजरीत ते अंतर नाही. वर्धा खोऱ्यातील खुल्या खाणी चालू आहेत, कोळशाचे डबे भरून जात आहेत, आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे क्षितिजाची रेषा बदलीत आहेत. येथील मुलाला कारकोलच्या नोंदीतील भूतकाळ वर्तमानकाळात वाचावा लागतो. कोलोसल स्वभावाने शांत आहे, पण खाणीची नासधूस करणाऱ्यावर मात्र तो आपल्या प्रखर ज्वाळा सोडतो, असे कोश सांगतो. ह्या नोंदीत खाण ही रक्षणीय वस्तू आहे. जणू डोंगर, अरण्य वा देवराई. खाणीसाठी ज्याची जमीन गेली त्या घरातील मुलाने ही नोंद वाचली तर त्याने राक्षसाच्या बाजूने उभे राहावे की कसे? प्रश्न खेळाच्या कर्त्यांस विचारावयाचा नाही; त्यांनी आपल्या भूमीचा विचार केला. विचारावयाचा तो आपणांस, कारण आपण ही सृष्टी जशीच्या तशी उचलली. त्याच खेळातील 'वीझिंग' ह्या विषारी वायूच्या प्राण्याचे गॅलारी रूप ह्या दृष्टीने अधिक बोलके आहे. त्याच्या दोन्ही डोक्यांवर कारखान्याच्या धुराड्यांसारख्या उंच टोप्या असून तो दूषित हवा आत घेतो व शुद्ध हवा बाहेर सोडतो. धुराड्याकडून प्रायश्चित्त करवून घेण्याची ही कल्पना ज्या देशात धुराडी विझत आली तेथेच सुचू शकते.

'पकडणे' ह्या क्रियेविषयीही असेच म्हणता येईल. खेळात प्राणी पकडणे म्हणजे त्याला दुर्बल करून चेंडूत सामावणे, आणि मग त्याची नोंद कोशात होणे. चंद्रपूर-गडचिरोलीत ह्या क्रियापदाचा अर्थ वेगळा आहे. वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी ह्या भागांत तेरा माणसांचे बळी घेणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात बेशुद्ध करून पकडण्यात आला. वनखात्याच्या दप्तरी त्याचे नाव 'सीटी-१' असे होते. येथेही क्रमांक आहे, नोंद आहे, बंदिस्त करणे आहे. नाही ती निश्चिंतता. २००२ साली केंब्रिजच्या अँड्र्यू बाल्मफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' ह्या नियतकालिकात दाखवून दिले होते की, आठ वर्षांची ब्रिटिश मुले दाखविलेल्या पोकेमॉनांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के ओळखतात, परंतु ओक वृक्ष, बॅजर ह्यांसारख्या आपल्या परिसरातील जीवांना ओळखताना अडखळतात. हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. मोहाची फुले वेचावयास पहाटे आईबरोबर जाणाऱ्या मुलाला मोह ओळखावा लागतो व वाघाचा माग तर त्याहून अगोदर. मात्र भ्रमणध्वनीवरील खेळाने एक विपरीत गोष्ट केली, तिची नोंद घेतली पाहिजे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आलेल्या 'पोकेमॉन गो'मध्ये प्राणी दाट दिसत ते शहरांत, जेथे भ्रमणध्वनींची वर्दळ अधिक. रानात ते अत्यंत विरळ. मुंबईचा चौक वन्यजीवांनी गजबजलेला आणि गडचिरोलीचे अरण्य ओस, असा हा नकाशा होता. किड्यांच्या शोधात शेतातून भटकणाऱ्या मुलाच्या आठवणीतून निघालेला खेळ येथवर येऊन पोहोचला.

शेवटी पुन्हा कासवाकडे. काही गोंड कुळांत कासव हे देवक मानले जाते. पूर्वजांना पुरातून कासवाने तारल्याची कथा सांगतात, आणि त्या कुळाचा माणूस कासव मारीत वा खात नाही. देवकाशी असलेले नाते हे न पकडण्याचे नाते आहे. प्राणी माझा आहे म्हणून मी त्याला हात लावणार नाही, असे त्याचे स्वरूप. खेळातील नाते ह्याच्या नेमके विरुद्ध टोकाचे: माझा आहे, कारण मी तो पकडला. दोन्ही नात्यांत प्रेम आहे व दोन्हींत यादी आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे हे गोंडांचे कुलविभाग हाही एक कोशच होय. ज्या खडकांतून माजरीचा कोळसा निघतो त्या खडकांच्या समूहाला भूशास्त्र 'गोंडवन' म्हणते. ते नाव ह्याच लोकांच्या भूमीवरून घेतलेले आहे. कोळसा आणि कासव ह्यांची गाठ जर कोठे अर्थपूर्णपणे पडावयाची असेल तर ती येथे, आणि ती पडली क्यूशूवर बेतलेल्या एका बेटावर. असा प्राणी येथील कोणी रचला असता तर तो कोळसा खात सुटला नसता. पाठीवर तो घेऊन, कोणी हात लावू नये म्हणून, तळाशी बसून राहिला असता, असे वाटते. ही अर्थात कल्पनाच.

टॉर्कोलच्या नंतरच्या एका कोशनोंदीत म्हटले आहे की, सोडून दिलेल्या कोळसाखाणी ह्या प्राण्यांनी भरलेल्या आढळतात, आणि तेथे ते कोळशाच्या शोधात अथकपणे खणीत असतात. प्राणिकोशातील शेकडो नोंदींत इतकी सुंदर नोंद विरळा. वरोऱ्याची जुनी खाण १९०६ साली बंद झाली. माजरीच्या आसपासच्या खाणीही केव्हातरी संपावयाच्याच आहेत, आणि खुल्या खाणीचा खड्डा सोडून दिला म्हणजे त्यात पाणी साचते. त्या पाण्यात खरी कासवे येतील किंवा न येतील. खाण सोडून जे गेले, ते कोठे गेले, ह्याविषयी मात्र टॉर्कोलच्या त्या नोंदीत एकही शब्द नाही.